समोरच्याच्या चेहऱ्यावरचा मी

निपाणीच्या बाजारात एखादी बाई भाजीवालीला सांगते, ‘‘मी मगाशी आलो होतो की, तुम्ही जाग्यावर नव्हतासा.’’ ऐकणाऱ्या कुणालाही त्यात काही खटकत नाही. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंतच्या पट्ट्यात कितीतरी बायका स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. कन्नडमध्ये ‘मी’पुरता तरी ‘येतो’ आणि ‘येते’ असा भेद नाही. ‘मी’ म्हणणारी बाई असो की बुवा, क्रियापद एकच. पिढ्यान्‌पिढ्या दोन भाषा शेजारी नांदल्यावर एकीचं वळण दुसरीला लागणं साहजिक आहे. या बोलण्यात वाढलेल्या मुलीला आपण काही वेगळं बोलतो असं कधी वाटतही नाही.

ते वाटायला लागतं पुण्यात. बारावीनंतर ती तिथे शिकायला जाते, हॉस्टेलच्या खोलीत शिरताना ‘मी आलो’ म्हणते आणि मुली एकमेकींकडे बघून हसतात. त्या हसण्यात दुष्टावा असतोच असं नाही. पण त्या क्षणापर्यंत ती नुसती बोलत होती. तिथून पुढे ती स्वतःचं बोलणं ऐकायला लागते. तोंड उघडण्याआधी थबकते, क्रियापद तपासते. काही महिन्यांत ‘आले’, ‘गेले’ सरावाचं होतं. आईशी फोनवर मात्र ‘जेवलो की गं’ असंच चालू राहतं. दिवाळीत घरी आल्यावर चुकून ‘आले’ निघून गेलं, तर धाकटा भाऊ म्हणतो, ‘‘पुण्याची झालीस की गं तू!’’ आता ती दोन्हीकडे थोडीथोडी परकी असते.

यातली खरी ती कोणती, असा प्रश्न आपल्याला लगेच सुचतो. मला तो प्रश्न चुकीचा वाटतो, कारण त्यात असं गृहीत धरलेलं असतं की ‘मी’ नावाची वस्तू आत कुठेतरी तयार होऊन बसलेली आहे आणि बाहेरचं बोलणं तिच्यावर फक्त रंग चढवतं. गेल्या सव्वाशे वर्षांत समाजशास्त्राने आणि मानसशास्त्राने जे दाखवून दिलं ते याच्या उलट आहे. माणसाचा ‘मी’ घडतोच मुळी अशा देवाणघेवाणीत. कुणी हाक कशी मारली, कुणी ऐकून घेतलं, कुणी हसलं, कुणी तोंड फिरवलं, यांतून तो रोज थोडाथोडा बनत जातो.

हे नीट मांडणाऱ्या सुरुवातीच्या माणसांपैकी एक चार्ल्स हॉर्टन कूली. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात शिकवणाऱ्या या अबोल प्राध्यापकाने १९०२ साली लिहिलेल्या पुस्तकात ‘आरशातला मी’ ही कल्पना मांडली. आपण इतरांना कसे दिसत असू याचा आपण अंदाज बांधतो. त्यावर ते काय मत करून घेत असतील याचाही अंदाज बांधतो. आणि त्यातून आपल्याला अभिमान वाटतो किंवा लाज वाटते. कूलीच्या या मांडणीत एक बारकावा आहे, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. आपल्याला घडवतं ते इतरांचं मत नव्हे, तर इतरांच्या मताबद्दलचा आपला अंदाज. हॉस्टेलमधल्या मुली पाच मिनिटांत ते हसणं विसरल्या असतील. तिच्या मनात मात्र त्या अजून हसत असतात.

आणि या आरशात सगळ्यांना सारखं दिसत नाही. याचं मराठी मुलखातलं सर्वांत लख्ख उदाहरण १९०१ सालचं आहे. सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनवर चार मुलं गाडीतून उतरली. वडील कोरेगावला नोकरीला होते, त्यांना भेटायला निघालेली. नवे सदरे, चमकदार टोप्या, नवे बूट, रेशमी काठाची धोतरं. न्यायला कुणी आलं नाही, म्हणून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. कपड्यांवरून तो त्यांना ब्राह्मणांची मुलं समजला होता. ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला त्यांतल्या नऊ-दहा वर्षांच्या भीमरावाने क्षणाचाही विचार न करता आपण महार असल्याचं सांगून टाकलं. त्यासरशी त्या माणसाचा चेहरा पालटला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. स्टेशनाबाहेरचे गाडीवान दुप्पट भाड्यालाही त्यांना बसवून गाडी हाकायला तयार होईनात. शेवटी एक जण राजी झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत लिहून ठेवला आहे. शाळेत स्वतःच्या गोणपाटावर वेगळं बसणं, शिपाई नसला की तहानलेलं राहणं, हे त्या मुलाला आधीपासून माहीत होतं. पण ते अंगवळणी पडलेलं होतं. जग असंच असतं, इतकंच त्याला ठाऊक होतं. मसूरच्या प्रवासाने त्याला पहिल्यांदा विचार करायला लावलं, असं ते सांगतात. मला या प्रसंगात सगळ्यात जास्त लागतो तो एका चेहऱ्याचा बदल. मुलं तीच, कपडे तेच, स्टेशन तेच. मधे फक्त एक शब्द उच्चारला गेला आणि मायेने बघणाऱ्या नजरेत किळस आली. नऊ वर्षांच्या पोराला स्वतःविषयी समाजाचं मत कळायला पुस्तक लागलं नाही.

इथे विचारांच्या इतिहासातला एक धागा सांगायलाच हवा. कूली ज्या मिशिगन विद्यापीठात होता, तिथे १८९० नंतरच्या वर्षांत जॉन ड्यूई आणि जॉर्ज हर्बर्ट मीड हे दोन तत्त्वज्ञ एकत्र शिकवत होते. १८९४ मध्ये ते दोघं शिकागोला गेले. पुढे ड्यूई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आला आणि तिथे १९१३ ते १९१६ या काळात शिकणाऱ्या आंबेडकरांनी त्याची व्याख्यानं ऐकली. माणूस माणसांच्या सहवासात घडतो, तेव्हा तो सहवास मोकळा आणि बरोबरीचा असल्याशिवाय लोकशाही उभी राहत नाही, हा ड्यूईचा आग्रह. मसूरचं स्टेशन अनुभवलेल्या विद्यार्थ्याला तो समजावून सांगावा लागला नसेल. परत आल्यावर १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ च्या एप्रिलमध्ये प्रांतिक बहिष्कृत परिषदेसाठी ते निपाणीला आले. तंबाखूच्या या पेठेत त्या दिवशी जमलेल्या लोकांना त्यांच्यासारखाच एक माणूस बॅरिस्टर म्हणून समोर उभा दिसला. आरसा बदलण्याची ताकद अशा एकेका दिवसातही असते.

मीडने स्वतः या विषयावर पुस्तक लिहिलं नाही. १९३१ मध्ये तो वारला आणि विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेल्या टिपणांतून १९३४ मध्ये त्याचं मुख्य पुस्तक तयार झालं. मूल ‘मी’ कसं शिकतं, हे त्याने खेळांवरून उलगडलं. भातुकलीत मुलगी आई होते, दुकानदार होते, स्वतःच बाहुलीला रागावते. म्हणजे एका वेळी एकाच दुसऱ्या माणसाच्या जागी उभं राहून बघायला शिकते. नंतर ती खो-खो खेळायला लागते. तिथे एकाची भूमिका कळून भागत नाही. पाटीवर बसलेल्या प्रत्येकीचं तोंड कुठे आहे, कुणाला खो मिळणार, पळणारी कुठे वळणार, नियम काय, हे सगळं एकदम डोक्यात ठेवून स्वतःची जागा ओळखावी लागते. इथे तिच्या मनात एका व्यक्तीच्या जागी सगळ्यांची मिळून एक नजर तयार होते. मीडने या नजरेला शास्त्रीय नाव दिलं. आपल्याकडे तिला ‘चार लोक’ म्हणतात. चार लोकांत शोभेल असं वाग, चार लोक काय म्हणतील, चार लोकांनी नावाजलं पाहिजे. हे चार लोक कोण, हे कुणी विचारत नाही, आणि तरी प्रत्येकाच्या मनात ते बसलेले असतात.

बेळगाव-निपाणीत अडचण अशी, की इथे चार लोक दोन तऱ्हेचे आहेत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि तोवर मुंबई राज्यात असलेले बेळगाव, खानापूर, निपाणी हे भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेले. या सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला. त्याने बेळगाव शहर होतं तिथेच ठेवायला आणि निपाणी महाराष्ट्राला द्यायला सांगितलं. अंमल कशाचाच झाला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या वादाचा राजकीय इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, मी तो इथे उगाळत नाही. मला बघायचं आहे ते १ नोव्हेंबरला सकाळी घराबाहेर पडणारं मूल. एका चौकात लाल-पिवळे झेंडे आणि राज्योत्सवाचा ढोल, दुसऱ्या गल्लीत काळा दिन पाळणाऱ्यांची फेरी. शाळेत बाई जे सांगतात त्याने एका नजरेत ते शहाणं ठरतं, घरी आज्जा जे सांगतो त्याने दुसऱ्या. दोन्ही नजरा त्याला हव्या असतात, कारण दोन्ही माणसं त्याच्या जिव्हाळ्याची आहेत.

कागदाचंही तसंच. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो. आयुष्यभर ती जमीन कसलेला म्हातारा तो हातात घेतो आणि त्यातलं स्वतःचं नाव त्याला वाचता येत नाही. नातवाला हाक मारावी लागते. नातू कन्नड शिकलेला असतो, तो भराभर वाचून दाखवतो. त्या दोन मिनिटांत घरातल्या दोन माणसांची स्वतःविषयीची कल्पना हलते: एक थोडा खाली उतरतो, एक थोडा वर चढतो. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या कन्नड घरांतही मराठी कागद हातात घेऊन हेच घडतं, आणि तिथल्या म्हाताऱ्याचं अवघडलेपण इथल्यापेक्षा कमी नसतं. हा मुद्दा सीमेच्या कोणत्याही बाजूने मांडताना दुसऱ्या बाजूचा माणूस नजरेआड होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पण सीमा म्हणजे नुसती ओढाताण नव्हे. बेळगावच्या खडे बाजारात कापडाच्या दुकानात सकाळभर उभं राहून ऐकावं. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी कन्नड बोलतो, दुसऱ्याशी मराठी, तिसऱ्याशी दखनी वळणाची हिंदी. गोव्याहून आलेलं कुटुंब असेल तर दोन शब्द कोकणीतही टाकतो. कुणाला ‘अण्णा’, कुणाला ‘अक्का’, कुणाला ‘वैनी’, कुणाला ‘मावशी’. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत त्याने कुंकू, विभूती, टोपी, साडीची नेसण बघून अंदाज बांधलेला असतो. अंदाज चुकला तर समोरचा माणूस किंचित आखडतो; बरोबर आला तर गिऱ्हाईक बसकण मारून बसतं. एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने शेटलंड बेटांवरच्या एका हॉटेलात अशीच निरीक्षणं केली होती. जेवणघरात वाढणारी माणसं आणि तीच माणसं स्वयंपाकघरात, यांच्या वागण्यातला फरक त्याने टिपला आणि १९५० च्या दशकात रोजच्या वागण्याची रंगमंचाशी तुलना करणारं पुस्तक लिहिलं. पुष्कळांनी त्याचा अर्थ ‘सगळे सोंग करतात’ असा काढला. खडे बाजारातला दुकानदार सोंग करत नाही. कन्नड बोलताना तो कन्नड बोलणाऱ्यांच्या रीतीभातीचा होतो आणि मराठी बोलताना मराठीच्या, आणि दोन्ही वेळा तो मनापासून तसाच असतो. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत वाढले आणि कन्नडचे थोर कवी झाले, १९७३ सालचं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. त्यांच्यातला कोणता अर्धा भाग खरा, असं विचारणाऱ्याला त्यांची कविता कळली नाही असंच म्हणावं लागेल.

भाषांच्या या सहवासाचा नामांकित अभ्यासही याच टापूतला आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या, संशोधनात ‘कुपवार’ नावाने गाजलेल्या गावाविषयी निबंध प्रसिद्ध केला. सुमारे ३,००० वस्तीच्या त्या गावात जैन आणि लिंगायत कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, दलित मराठी आणि दोर वळणारी काही घरं तेलुगू. शतकानुशतकं एकमेकांशी बोलून कन्नड, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषांची वाक्यरचना इतकी जुळत गेली होती, की एका भाषेतल्या वाक्यातले शब्द काढून त्याच जागी दुसरीचे घातले तरी वाक्य बिनचूक उभं राहावं. शब्द मात्र ज्याने त्याने आपापले राखले होते, कारण घरात बोलायची भाषा ही घराची ओळख होती. परक्या घरच्या माणसाशी बोलायला बहुधा मराठी, कारण गावातल्या वजनदार गटांपैकी कुणाचीच ती घरची भाषा नव्हती. मला हे वाचताना दर वेळी थांबावंसं वाटतं. माणसं म्हणतात, आम्ही निराळे. आणि त्यांच्या वाक्यांचा सांगाडा म्हणतो, तुम्ही कधीचेच एक झालात. दोन्ही खरं आहे.

हसण्याचीही एक जात असते, ते सांगून पुढे जातो. पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. तिथल्या रावसाहेब नावाच्या स्नेह्याचं कानडी हेल असलेलं मराठी त्यांनी ‘गणगोत’ या पुस्तकात आणलं आणि सारा महाराष्ट्र हसला. त्या हसण्याने बेळगावकरांना स्वतःच्या बोलण्याचा अभिमान वाटला, कारण त्यात माया होती. हॉस्टेलच्या खोलीतलं हसणं आणि हे हसणं बाहेरून एकसारखं ऐकू येतं. ऐकणारा मात्र फरक अचूक ओळखतो.

निपाणीचा आणखी एक आरसा म्हणजे काम. निपाणीत पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिलेल्या महादेव मोरे यांच्या एका कादंबरीचं नाव ‘एकोणिसावी जात’ आहे. अठरापगड जातींच्या पलीकडची, गाड्यांवर राबणाऱ्यांची जात. जन्माने वेगवेगळ्या घरांतली माणसं रोज एकमेकांच्या ताटात जेवून, एकाच भाषेत शिव्या देऊन, एकाच रस्त्यावर रात्री काढून एका बिरादरीची होतात, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

आणि काही आरसे माणसाला आयुष्यभर जखडून ठेवतात. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुलीचं काय होतं, ते राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि जोगत्यावरच्या ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी मराठीत आणलं. गळ्यात दर्शन बांधण्याचा विधी एका दिवसात उरकतो. त्यानंतर मात्र रोज कुणी ना कुणी तिला ती जोगतीण असल्याची आठवण करून देतं: सणाला परडी घेऊन दारात आल्यावर पाया पडणारी बाईही आठवण करून देते आणि तिन्हीसांजेला वाट अडवणारा पुरुषही. तिची पूजा करणारं गाव आणि तिला नासवणारं गाव एकच. कर्नाटकाने १९८२ मध्ये या प्रथेविरुद्ध कायदा केला. कायद्याने विधी बेकायदा ठरतो. गल्लीतली हाक बदलायला मात्र माणसंच बदलावी लागतात.

ती बदलतात का? निपाणीतच याचं उत्तर मिळतं, आणि या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. १९८० च्या आसपास इथल्या तंबाखूच्या वखारींत हजारो बायका राबत होत्या. तंबाखू कुटायची, चाळायची, निवडायची. नाकातोंडात धूळ, मजुरी तुटपुंजी, कामाचे तास लांबलचक आणि वर मुकादमाची नको ती वागणूक. अशा ठिकाणी एकट्या बाईच्या मनात जे साठतं ती लाज असते. आपल्यालाच असं का बोलतात, आपलंच काही चुकलं असेल, घरी कळलं तर काय. ती गप्प राहते, शेजारची गप्प राहते आणि दोघींनाही वाटतं की हे आपल्या एकटीचंच आहे. मग त्या संघटित होऊ लागल्या. संघटना म्हणजे आधी बोलणं. वखार सुटल्यावर, कुणाच्या तरी सोप्यात बसून एकीने सांगायला सुरुवात केली की दुसरी म्हणते, ‘माझंबी असंच झालं.’ लाजेची तक्रार होते ती या वाक्याने. कूलीच्या आरशात आता मुकादमाच्या चेहऱ्याऐवजी शेजारणीचा चेहरा असतो. मीड म्हणायचा, की इतरांनी घडवलेल्या ‘मी’ला उलट उत्तर देणारा आणखी एक ‘मी’ माणसात असतो. त्या ‘मी’ला आवाज फुटायला ऐकणारं कुणी लागतं.

बेंगळुरूच्या ‘युगांतर’ या स्त्रीवादी चित्रपटगटाने, दीपा धनराज यांच्या दिग्दर्शनाखाली, १९८२ मध्ये या बायकांवर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा अर्ध्या तासाच्या आतला माहितीपट केला. त्याची रीत वेगळी होती. गटातल्या मंडळींनी आधी ऐकून घेतलं, काय दाखवायचं ते बायकांशी बोलून ठरवलं आणि घडलेले प्रसंग बायकांनी स्वतःच पुन्हा उभे केले. ज्या प्रसंगात आपण मान खाली घातली होती, तो आपल्याच माणसांसमोर, आपल्या शब्दांत, मान वर करून पुन्हा करायचा! स्वतःकडे बघण्याची नजर बदलण्याचा याहून थेट मार्ग मला माहीत नाही. त्याच सुमाराला याच तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले होते. ६ एप्रिल १९८१ च्या गोळीबारात त्यांतले १२ जण गेले. त्या आंदोलनाची नोंद पुष्कळ झाली. वखारीतल्या बायकांची त्या मानाने फार थोडी झाली.

तेव्हा विशी-पंचविशीत असलेल्या त्या बायका आज सत्तरीच्या आसपास आहेत. निपाणीत किंवा भोवतालच्या खेड्यांत तुमच्या घरी अशी एखादी आज्जी किंवा आत्ती असेल, तर तिच्याजवळ सवडीने बसा. वखारीत तिला काय म्हणून हाक मारत, पहिल्यांदा कुणाला उलट बोलली, त्या दिवशी घरी आल्यावर कुणाला सांगितलं, हे विचारा. ती जशी बोलेल तसंच लिहून काढा आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवा.